उघाडी

महापे. काचेच्या इमारतीचा तिसरा मजला.
रात्रीचे तीन, मी, आणि एसीची घरघर.
खाली गेटवर झालटे वॉचमन कुत्र्याला बिस्किट घालतोय,
कॅमेऱ्यात दिसतं.

तीन चाळीसला तुर्भ्याच्या मार्केटात
कांद्याचे ट्रक काट्यावर चढू लागतात.
ट्रकमागे एक पावती, पावतीमागे चार नोंदी,
आणि गेले नऊ दिवस, नेमका तेव्हाच,
माझा सर्व्हर गप्प.
मरत नाही. गप्प.
विचारलेलं ऐकतो, उत्तर देत नाही,
जेवणावरून रुसलेल्या माणसासारखा.
सव्वा मिनिट.
तेवढ्यात काट्यापुढे सात ट्रक, सात हॉर्न,
आणि देढिया शेठचा फोन:
'ताई, तुमचा मशीन झोपला काय?'

साहेब म्हणाले, रॅम वाढवा.
वाढवली. दोनशे छप्पन जीबी.
रुसवा आणखी लांबला.
उपेंद्रने कुठूनसा एकोणतीस ओळींचा उतारा आणला,
सगळा एकदम चिकटवला, रीबूट केलं,
आणि कुठल्या ओळीने काय बिघडवलं
ते शोधण्यात आमचा रविवार गेला.
तेव्हापासून माझा नियम: एका रात्री एकच आकडा.
वहीत आधी जुना, मग नवा, मग वेळ.

स्वॅपकडे धावायची खोड मोडली, साठावरून एकावर.
छोटी पानं जोडून मोठी शिवत बसणारा
कर्नलचा शिंपी घरी पाठवला.
आठशे कनेक्शनं दारात ताटकळत होती,
त्यातली साडेसातशे नुसतीच, लग्नात आल्यासारखी;
रांग लावली, आत चाळीस.
मेमरी संपली तर कर्नल कुणाचा गळा धरतो?
सगळ्यात जाडजूड असेल त्याचा. म्हणजे आमचाच.
त्याच्या कपाळावर उणे हजार लिहिलं:
ह्याला सोडून.

सव्वा मिनिटाचे पन्नास सेकंद झाले.
देढियांना पन्नासही सव्वा मिनिटच वाटतं.

आज नुसती बघत बसले.
मेमरी म्हणते, लिहिलं. डिस्कवर काहीच नाही.
मळकी पानं साचतायत, साचतायत,
कारण कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलंय:
एकूण मेमरीच्या वीस टक्क्यांपर्यंत साचू द्या.
दोनशे छप्पनचे वीस टक्के.
एकावन्न जीबीचं पाणी, आणि एक बारकी मोरी.

माझे बाबा घणसोलीच्या मिठागरावर उघाडी सांभाळायचे.
उधाणाच्या रात्री फळी बोटभर वर, परत खाली,
परत बोटभर.
'पानी थोरा थोरा सोराचा.
अरवून ठेवलास त बांद फुटल.'
एकदा पलीकडच्या कोंडीवाल्याला झोप लागली;
सकाळी खांड पडलेली, मीठ खाडीत.

आणि टक्क्यांचं म्हणाल तर
आमच्या घराला टक्के कळतात.
जमीन गेली तेव्हा साडेबारा म्हणाले,
कापून हाती आले पावणेनऊ,
तेही सतरा वर्षांनी, दुसऱ्याच सेक्टरात.
टक्का कशाचा, हे आधी विचारावं.
एकूण वाढलं की तो गुपचूप फुगतो.

टक्के खोडले. सरळ आकडा लिहिला:
अडीचशे एमबी झाले की सोडायला लाग,
कुणाची वाट बघू नकोस.
वर एक ओळ टिपणाची, पुढे येईल त्याच्यासाठी:
'हे का केलंय ते कळेपर्यंत बदलू नये. मढवी.'

तीन अडतीस.
तीन चाळीस.
डिस्कचा आलेख बुटका, पण चालता,
मुंग्यांच्या रांगेसारखा.
तीन पंचेचाळीस. फोन नाही.
चारला मी फोन उचलून बघितला,
चालू आहे ना.

चार दहाला अकरा सेकंदांचा एक उंचवटा आला आणि गेला.
बॅकअप नव्हता. चेकपॉइंट नव्हता.
झालटेच्या कुत्र्याने मान वर केली, तेवढंच.
वहीत वेळ टाकली, पुढे प्रश्नचिन्ह.
आजचा आकडा वापरून झालाय.
उद्या.